धातूतली साक्ष : प्रबोधनकाळातील पोपांची पदकं



१८ एप्रिल १५०६ रोजी रोममध्ये साठी ओलांडलेला एक पोप खोल खड्ड्यात उतरला. दुसरा ज्युलिअस त्याचं नाव. सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या काळापासून उभं असलेलं सेंट पीटरचं जुनं चर्च उतरवून त्या जागी नवं बांधायचं त्यानं ठरवलं होतं, आणि पहिल्या खांबाची कोनशिला त्या दिवशी बसायची होती. माती ढासळेल या धास्तीनं, कडेजवळ येऊ नका, असं पोपनं वर जमलेल्यांना खालून बजावलं. संगमरवरी शिळा बसवण्याआधी तळाशी मातीचं एक भांडं ठेवण्यात आलं. त्यात बारा पदकं होती, दोन सोन्याची आणि बाकीची ब्राँझची. पदकाच्या एका बाजूला पोपचा चेहरा होता आणि दुसऱ्या बाजूला त्या चर्चचं चित्र, ज्याची अजून एक वीटही रचली गेली नव्हती.

भांड्यातली ती बारा पदकं कुणाच्या नजरेस पडावीत म्हणून तिथं ठेवली? त्या दिवशी जमलेल्या गर्दीच्या तर नक्कीच नाही. हे चर्च कधी काळी कोसळलं, तर ढिगारा उपसणाऱ्या माणसाला ते कुणी बांधलं आणि केव्हा बांधलं हे कळावं, यासाठी केलेली ती तजवीज होती. प्रबोधनकाळातल्या पोपांच्या पदकांचं मर्म मला या भांड्यात दिसतं. ती राजदूतांना भेट म्हणून दिली जात, कार्डिनलांना वाटली जात, हे खरं. पण मुळात ती पुढच्या शतकांपुढे नोंदवून ठेवलेली साक्ष आहे, आणि ती ज्यांच्यासाठी नोंदवली ते लोक म्हणजे आपण. पदकं जमवणाऱ्या माणसाचं काम म्हणूनच मला मोठ्या जोखमीचं वाटतं. साक्षीदार खरा आहे का, हे त्यानं आधी पाहायचं. मग साक्ष नीट ऐकायची. आणि ती कितपत मानायची ते स्वतःच्या बुद्धीनं ठरवायचं. आज मी बोलणार आहे ते याविषयी.

नाणं आणि पदक यांतला फरक इथल्या नाणेसंग्राहकांना ठाऊक आहे, तरी इतरांसाठी थोडक्यात सांगतो. नाण्याची किंमत ठरलेली, वजन बांधलेलं. ते हातोहात फिरतं आणि झिजतं. पदकानं बाजारात काही विकत घेता येत नाही, म्हणून त्याच्यावर टांकसाळीची बंधनंही नाहीत. कारागिराला चेहऱ्याला हवा तेवढा उठाव देता येतो आणि पदक करवून घेणाऱ्याला हवं ते बोलता येतं.

या कलेची सुरुवात एका धर्मपरिषदेच्या निमित्तानं झाली. पोप चौथ्या युजीननं १४३८ मध्ये फेरारा इथं पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या चर्चची परिषद बोलावली. तुर्कांच्या धाकाखाली असलेल्या कॉन्स्टॅन्टिनोपलहून सम्राट आठवा जॉन पॅलिओलोगस मदतीच्या आशेनं तिथं आला. त्याची उंच, पुढं टोकदार होत गेलेली टोपी पाहून इटलीतली माणसं चकित झाली. चित्रकार पिसानेल्लोनं ती टोपी, ती दाढी, तो शिणलेला चेहरा सुमारे दहा सेंटिमीटर व्यासाच्या ब्राँझमध्ये उतरवला. मागच्या बाजूला हाच सम्राट घोड्यावर बसून वाटेवरच्या क्रूसापुढे हात जोडतो आहे, आणि वर लॅटिन व खाली ग्रीक लिपीत चित्रकाराची सही आहे. प्रबोधनकाळातल्या पदकांची गणना इथून सुरू करतात. पिसानेल्लोच्या हातचं पोपचं पदक आज आपल्यापुढे नाही. तो मान प्रातोच्या आंद्रेआ ग्वात्सालोत्तीकडे जातो. १४५५ साली पोप पाचवा निकोलस वारला, तेव्हा ग्वात्सालोत्तीनं त्याचं पदक ओतलं.

त्याच वर्षी रोममध्ये पिएत्रो बार्बो नावाच्या व्हेनिसच्या कार्डिनलनं आपला वाडा बांधायला काढला आणि त्याचं पदकही करवून घेतलं. हा बार्बो चौथ्या युजीनचा भाचा. १४६४ मध्ये तो दुसरा पॉल या नावानं पोप झाला. पोपांच्या पदकांचा इतिहास लिहायचा झाला तर त्याचा पहिला नायक कारागीर नसून हा संग्राहक आहे, असं माझं मत आहे. प्राचीन रोमन नाणी, कोरीव रत्नं आणि छोट्या ब्राँझमूर्ती यांचं त्याला विलक्षण वेड होतं. त्याच्या संग्रहाची १४५७ मध्ये सुरू केलेली यादी आजही उपलब्ध आहे. प्राचीन सम्राटांच्या नाण्यांवर त्यानं एक गोष्ट रोज पाहिली असणार: साम्राज्यं गेली, वास्तू पडल्या, पण मातीखालून निघालेल्या तळहाताएवढ्या धातूवर नाव आणि चेहरा शाबूत राहिला. मग त्यानंही तेच केलं. आपल्या वाड्याच्या पायात आणि भिंतींत त्यानं पदकं चिणवली. मुलं पैसे साठवतात तसल्या मातीच्या गल्ल्यांत ती भरलेली होती. हा वाडा म्हणजे आजचा पालात्सो व्हेनेत्सिया. पुढच्या काळात तिथल्या भिंतींतून असे गल्ले पदकांसह निघाले. ज्या अनोळखी वाचकासाठी पॉलनं ही चिठ्ठी लिहून ठेवली होती, त्याच्या हाती ती खरोखरच पोचली.

या पॉलची दुसरी साक्षही आहे, आणि ती त्याच्या विरुद्ध आहे. १४६८ मध्ये त्यानं कटाच्या संशयावरून रोममधल्या काही विद्वानांना तुरुंगात टाकलं. त्यांत प्लातिना होता. पुढे पोप चौथ्या सिक्स्टसनं याच प्लातिनाला व्हॅटिकनचा ग्रंथपाल केलं आणि त्यानं पोपांची चरित्रं लिहिली. त्यांत दुसरा पॉल विद्येचा वैरी म्हणून रंगवला आहे. ते पुस्तक छापलं गेलं, शतकानुशतकं वाचलं गेलं आणि पॉलची तीच प्रतिमा रूढ झाली. छळ सोसलेल्या माणसाच्या शब्दाला वजन असतं, ते मी कमी लेखत नाही. पण ज्याच्या खोलीत प्राचीन नाणी वर्गवार लावून ठेवलेली होती, त्याला विद्येचं वावडं होतं असं म्हणताना त्याची पदकंही पुढ्यात ठेवायला हवीत. १४७१ मध्ये पॉल गेला आणि त्याचा संग्रह फुटला. फ्लोरेन्सचा लोरेन्त्सो द मेदिची त्याच वर्षी रोमला आला आणि त्यातली उत्तमोत्तम रत्नं घेऊन गेला. ‘फार्नेसेचा प्याला’ म्हणून आज नेपल्सच्या संग्रहालयात जगभरचे लोक पाहतात तो अकीक दगडाचा प्याला त्यांतलाच.

पायात पदकं ठेवण्याची पॉलची रीत चौथ्या सिक्स्टसनं चौकात आणली. २९ एप्रिल १४७३ रोजी तो कार्डिनलांसह होडीतून टायबर नदीत गेला आणि नव्या पुलाच्या पायात त्यानं कोनशिलेबरोबर आपला चेहरा असलेली सोन्याची पदकं ठेवली. पूल आजही पाँते सिस्तो या नावानं उभा आहे, आणि पुलाचं चित्र असलेलं पदक मोठ्या संग्रहालयांत पाहायला मिळतं.

आता पुन्हा ज्युलिअसच्या पदकाकडे येतो, कारण ते जवळून पाहण्यासारखं आहे. कारादोस्सो या मिलानकडच्या सोनाराचं हे काम. व्यास सुमारे ५७ मिलिमीटर, म्हणजे हाताच्या मुठीत मावणारं. पुढच्या बाजूला पोप उजवीकडे पाहतो आहे. डोकं उघडं आहे, अंगावर भरजरी धर्मवस्त्र आहे. पदक तिरप्या उजेडात धरलं की कपाळाखालचा कडक डोळा आणि घट्ट मिटलेले ओठ दिसतात. राफाएलनं पुढे रंगवलेला दाढीवाला, खांदे पडलेला म्हातारा ज्युलिअस बऱ्याच जणांच्या ओळखीचा आहे. हा त्याच्या आधीचा, दाढी नसलेला, सैन्य घेऊन शहरं जिंकायला निघणारा ज्युलिअस. पदक उलटा. मधोमध प्रचंड घुमट, त्याच्या पायाशी अर्धघुमट, दोन्ही बाजूंना उंच मनोरे, आणि कडेनं लिहिलं आहे की हा पीटरच्या मंदिराचा जीर्णोद्धार. खाली व्हॅटिकनच्या टेकडीचं नाव.

हे चर्च कधीच झालं नाही. वास्तुकार ब्रामान्ते १५१४ मध्ये वारला, त्याच्या आधी ज्युलिअस गेला. मग राफाएल आला, सांगाल्लो आला, १५४६ नंतर मायकेलअँजेलो आला आणि त्यानं घुमटाची कल्पनाच नव्यानं मांडली. सतराव्या शतकात मादेर्नोनं पुढचा भाग लांबवला. १६२६ मध्ये चर्चचं विधिवत समर्पण झालं, तोवर मूळ आराखडा पार मागे पडला होता. ब्रामान्तेच्या हातचा चर्मपत्रावरचा अर्धा तलविन्यास फ्लोरेन्सच्या उफित्सी संग्रहात आहे, पण त्यावरून इमारत समोरून कशी दिसणार होती ते कळत नाही. ते सांगणारा सर्वात भरवशाचा पुरावा म्हणजे कारादोस्सोचं हे पदक. वास्तुकलेच्या इतिहासकारांना ब्रामान्तेच्या मनातलं चर्च पाहायचं असेल, तर सुमारे सहा सेंटिमीटरच्या ब्राँझकडे जावं लागतं. माझ्या मते या सगळ्या शतकातलं हे सर्वात मोलाचं पदक आहे, आणि त्याचं मोल सोन्यावर अवलंबून नाही.

यानंतरच्या पिढीत ओतीव पदकांच्या जोडीनं ठोकीव पदकं आली. पोलादी ठसा कोरायचा आणि मळसूत्री यंत्राच्या दाबाखाली धातूवर उमटवायचा. या पद्धतीचं वर्णन बेन्वेनुतो चेल्लिनीनं आपल्या सोनारकामावरच्या ग्रंथात केलेलं आहे. त्यानं १५३४ मध्ये सातव्या क्लेमेंटसाठी दोन मागच्या बाजू कोरल्या. हा क्लेमेंट फार दुर्दैवी पोप. १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या सैन्यानं रोम लुटलं, तेव्हा तो सांत’आंजेलोच्या किल्ल्यात कोंडला गेला होता. तिथून सुटून तो ऑर्व्हिएतोला आला. डोंगरावरच्या त्या गावाला वेढा पडला तर पाणी कुठून आणायचं, या चिंतेतून त्यानं धाकट्या सांगाल्लोकडून सुमारे ५३ मीटर खोल विहीर खोदवायला घेतली. तिच्यात दोन वेगळे चक्राकार मार्ग आहेत. एकानं पाणी आणायला खेचरं खाली जायची आणि दुसऱ्यानं वर यायची, त्यामुळं वाटेत कुणाची गाठ पडत नसे. चेल्लिनीच्या एका बाजूवर मोझेस खडकावर काठी मारून लोकांना पाणी देतो आहे. त्या विहिरीची आठवण यात आहे असं मानतात. दुसऱ्या बाजूवर शांतिदेवता शस्त्रांच्या ढिगाला मशाल लावते आहे आणि युद्धाच्या मंदिराची दारं बंद झाली आहेत.

तयार पदकं घेऊन चेल्लिनी गेला तेव्हा पोप मरणशय्येवर होता. आत्मचरित्रात तो सांगतो, पोपनं चष्मा मागवला, मेणबत्ती जवळ आणवली, तरी काही दिसेना. तेव्हा तो बोटांनी पदक चाचपू लागला आणि त्यानं सुस्कारा सोडला. २५ सप्टेंबर १५३४ रोजी तो वारला. चेल्लिनी स्वतःबद्दल बोलताना हात राखत नाही, हे त्याच्या वाचकांना माहीत आहे. हा प्रसंग मात्र मला खरा वाटतो, कारण पदक ही मुळात हातानं वाचायची वस्तू आहे. आज ती आपण काचेआडून पाहतो आणि तिचं निम्मं बोलणं आपल्या कानावर येत नाही. ज्यांना कुठं अभ्यासखोलीत एखादं पदक हाती घ्यायची संधी मिळेल, त्यांनी ते डोळे मिटून एकदा बोटांनी जरूर पाहावं.

पदककार अलेस्सान्द्रो चेसातीचा उल्लेख केल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पोप तिसऱ्या पॉलचं मूळ नाव अलेस्सान्द्रो, म्हणून चेसातीनं त्याच्या पदकाच्या मागे जेरुसलेमच्या मुख्य पुरोहितापुढे गुडघे टेकणारा सिकंदर कोरला. कलावंतांची चरित्रं लिहिणारा चित्रकार व्हासारी सांगतो की ते पाहून मायकेलअँजेलो म्हणाला, या कलेचा अंतकाळ जवळ आला, कारण याहून चांगलं आता होणं नाही. मला ते पदक अतिशय सफाईदार वाटतं, पण कारादोस्सोचं पदक त्याहून मोठं आहे. सफाई वाढत गेली तसा चेहऱ्यातला माणूस थोडा मागे सरला.

साक्ष कितपत मानायची, हा प्रश्न सर्वात तीव्रपणे पुढे येतो तो तेराव्या ग्रेगरीच्या पदकांत. हा १५७२ च्या मे महिन्यात पोप झाला. त्याच वर्षी २४ ऑगस्टला, सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी, पॅरिसमध्ये ह्यूगनॉटांची, म्हणजे फ्रान्समधल्या प्रॉटेस्टंटांची, कत्तल सुरू झाली. ती पुढे इतर शहरांतही पसरली आणि हजारो माणसं मारली गेली. रोममध्ये आनंदोत्सव झाला आणि जान फेदेरिगो बोन्झान्यानं कोरलेलं पदक पाडण्यात आलं. मागच्या बाजूला पंख असलेला देवदूत एका हातात क्रूस आणि दुसऱ्या हातात तलवार घेऊन चालून येतो आहे. समोर माणसं पडली आहेत, काही पळताहेत. भोवती ह्यूगनॉटांच्या संहाराची अक्षरं. हे पदक हाती घेताना मन आक्रसतं. कोरणाऱ्याचा हात कसलेला आहे, पडलेल्या देहांची रचना नेमकी आहे, आणि त्यामुळंच ते अधिक भयंकर वाटतं. काही संग्राहक हे पदक घेतच नाहीत. काही जण ते दुर्मीळ म्हणून मिरवतात. मला दोन्ही पटत नाही. निरपराधांच्या हत्येचा सत्ताधीशानं गौरव केला, याचा हा त्याच सत्ताधीशानं दिलेला लेखी कबुलीजबाब आहे. तो जपायलाच हवा, आणि त्याच्या शेजारच्या चिठ्ठीवर काय घडलं होतं ते स्पष्ट लिहायला हवं.

याच ग्रेगरीचं आणखी एक पदक आपल्या रोजच्या जगण्याशी जोडलेलं आहे. १५८२ मध्ये त्यानं पंचांग सुधारलं. ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर आला आणि वसंतसंपात आपल्या जागी परतला. त्या प्रसंगाच्या पदकावर फुलांच्या माळेसह मेंढ्याचं मस्तक आहे, म्हणजे सूर्याचा मेष राशीतला प्रवेश, आणि भोवती स्वतःची शेपटी तोंडात धरलेला ड्रॅगन. ड्रॅगन हे ग्रेगरीच्या बोनकोम्पान्यी घराण्याचं चिन्ह. तो इथं वर्षचक्रही झाला. चिन्हांचा इतका नेटका उपयोग मी फार थोड्या पदकांवर पाहिला आहे.

तिसरं पदक १५८५ चं. त्याच्या मागे चित्र नाही, नुसती अक्षरं आहेत: जपानी राजांकडून रोमच्या पोपकडे आलेलं हे पहिलं दूतमंडळ. क्यूशू बेटावरच्या ख्रिस्ती सरदारांनी पाठवलेले चार किशोर १५८२ मध्ये नागासाकीहून निघाले होते. मकाव, मलाक्का, मग आपलं गोवा. त्यांना घेऊन निघालेला जेझुइट आलेस्सान्द्रो व्हालिन्यानो याला गोव्यातच थांबावं लागलं, कारण तिथला प्रांतप्रमुख म्हणून त्याची नेमणूक झाली होती. मुलं पुढं लिस्बनला पोचली आणि २३ मार्च १५८५ रोजी व्हॅटिकनच्या साला रेजियात पोपला भेटली. ज्या दालनात त्यांचं स्वागत झालं, त्याच्याच भिंतींवर व्हासारीनं पॅरिसच्या कत्तलीची चित्रं रंगवलेली होती. एकाच पोपची दोन पदकं एकाच दालनात अशी समोरासमोर येतात. पुढच्याच महिन्यात, १० एप्रिलला, ग्रेगरी वारला. परतीच्या वाटेवर ही मंडळी पुन्हा गोव्याला आली. त्यांच्यातल्या मार्तिन्यो हारानं १५८७ मध्ये तिथं व्हालिन्यानोपुढे लॅटिनमध्ये भाषण केलं आणि ते १५८८ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. रोममध्ये पाडलेल्या पदकाचा एक पुरवणी दाखला असा आपल्या किनाऱ्यावर तयार झाला. गोव्याच्या मुद्रणकलेविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं. त्यात या भाषणाला आणि त्याच्या शेजारी या पदकाला जागा मिळायला हवी.

आता संग्राहकांकडे वळतो, कारण जमवण्याच्या हौसेनं या क्षेत्राचं भलंही केलं आहे आणि मोठं नुकसानही. सतराव्या शतकात पदकांवरून पोपांचा इतिहास लिहायची प्रथा पडली. फ्रान्सच्या क्लोद द्यू मोलिनेनं १६७९ मध्ये पाचव्या मार्टिनपासूनचा असा इतिहास छापला. जेझुइट फिलिप्पो बोनान्नीचे दोन खंड १६९९ मध्ये निघाले. पानोपानी पदकांची चित्रं होती. ती पाहून युरोपभरच्या सरदारांना आणि विद्वानांना आपल्या कपाटातही अख्खी मालिका असावी असं वाटू लागलं. एकही पोप सुटता कामा नये! पण पाचवा मार्टिन १४१७ मध्ये पोप झाला तेव्हा पदकांची ही कला जन्मालाही आली नव्हती, आणि त्याच्या आधीच्या शेकडो पोपांचं तर बोलायलाच नको.

मागणी होती, मग माल आला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जिरोलामो पालादिनोनं मार्टिनपासून पुढच्या पोपांची पदकं नव्यानं कोरली. जोव्हान्नी बात्तिस्ता पोत्सीनं त्याहून प्राचीन पोपांना मनानं चेहरे दिले. मग रोमच्या टांकसाळीशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेलं हामेरानी घराणं आलं. जुने-नवे असंख्य ठसे त्यांच्याकडे साठले आणि ते मागणीप्रमाणे पुन्हा पुन्हा पदकं पाडून देत. १७९६ मध्ये त्यांचे ठसे पोपच्या टांकसाळीनं घेतले. १८२४ मध्ये फ्रान्चेस्को मात्सिओनं या ठशांची सूची छापली, म्हणजे तुम्हाला कोणता पोप हवा तो निवडा आणि पाडून घ्या. आज बाजारात पंधराव्या शतकातल्या पोपांची म्हणून जी पदकं दिसतात, त्यांतली फार मोठी संख्या या पुनर्निर्मितीची आहे. कवी ग्यॉटेनं वाइमारमध्ये पोपांची पदकं आवडीनं जमवली, त्या काळात अशी पदकं सर्रास मिळत होती.

यात पालादिनोला मी दोष देत नाही. त्यानं स्वतःच्या काळासाठी स्मृतिमालिका केली. फसवणूक पुढच्या हातांनी झाली, जेव्हा तिच्यावरची सतराव्या शतकाची ओळख गळून पडली. आणि मूळ कारण संग्राहकाच्या मनात होतं. मालिकेतली मोकळी खाच त्याला सहन झाली नाही. आपल्याकडे शिवकालीन होनाच्या बनावट प्रतींनी किती हौशी माणसांना गंडवलं, हे महाराष्ट्रातल्या संग्राहकांना वेगळं सांगायला नको. तिथंही हेच घडलं.

मग खरं कसं ओळखावं? ओतीव पदकाच्या बाबतीत निसर्गनियमच मदतीला येतो. तापलेलं ब्राँझ थंड होताना शंभरात एक-दीड भागानं आक्रसतं. मूळ पदकावरूनच साचा घेऊन कुणी दुसरं ओतलं, तर ५७ मिलिमीटरचं पदक जवळजवळ पाऊण मिलिमीटरनं लहान होतं. त्या प्रतीवरून तिसरं ओतलं तर आणखी लहान. म्हणून जॉर्ज फ्रान्सिस हिल यानं १९३० मध्ये चेल्लिनीपूर्व इटालियन पदकांचा महासंग्रह दोन खंडांत प्रसिद्ध केला, तेव्हा तेराशेहून अधिक नोंदींत व्यास मिलिमीटरमध्ये दिले. त्या आकड्यांवर आजही सगळा व्यवहार चालतो. व्हर्नियर कॅलिपर हाती घ्या, ज्युलिअसची दोन पदकं शेजारी ठेवा, आणि मग भिंगातून पाहा. लहान निघालेल्या पदकावर धर्मवस्त्राचं भरतकाम बुजलेलं असेल, घुमटाच्या बरगड्या एकमेकींत मिसळल्या असतील, अक्षरांच्या कडा गोलावलेल्या असतील. कुणी छिन्नीनं त्या पुन्हा धारदार केल्या असतील तर ती धार कोरडी आणि एकसारखी दिसते.

ठोकीव पदकांत ठसा बोलतो. ठेवलेल्या पोलादाला गंज चढला की त्यावर बारीक खड्डे पडतात, आणि पदकाच्या सपाट भागावर तितकेच बारीक फोड उमटतात. ठशाला तडा गेला तर पदकावर उंच रेघ येते. एका पोपच्या चेहऱ्यामागे दुसऱ्याच्या कारकिर्दीतला प्रसंग दिसला, तर उशिराच्या टांकसाळीत दोन ठशांची जोडी चुकीची लावली गेली असं समजावं. या खुणा वाचायला पैसा लागत नाही, धीर लागतो.

मोठे संग्रह कसे घडले ते पाहिलं तरी हेच दिसतं. पॅरिसच्या गुस्ताव द्रेफ्यूसनं आपला पदकांचा संग्रह निवडीच्या बळावर उभा केला. हिलनं त्याची सूची केली. पुढे तो सॅम्युएल क्रेस यांच्या प्रतिष्ठानाकडे गेला आणि १९५७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत कायमचा दाखल झाला. तो संग्रह फुटला नाही आणि त्याची नोंद हरवली नाही, म्हणून आज कुठल्याही देशातला विद्यार्थी त्याच्याशी आपल्या हातातलं पदक ताडून पाहू शकतो. दुसऱ्या पॉलच्या रत्नांचं जे झालं, ते या पदकांचं झालं नाही.

तेव्हा इथं बसलेल्या, विशेषतः तरुण संग्राहकांना माझी कळकळीची विनंती आहे. पोपांची असोत की इतर कुणाची, मालिका पुरी करण्याच्या मागे लागू नका. एकच पोप निवडा किंवा एकच कारागीर निवडा आणि त्याची मोजकी पदकं खोलवर जाणून घ्या. पालादिनोचं किंवा हामेरानींच्या ठशावरचं पदक हाती आलं तर ते आनंदानं ठेवा, पण त्याच्या चिठ्ठीवर त्याचं खरं शतक लिहा. ब्राँझवर चढलेला काळसर थर घासून काढू नका. तो एकदा गेला की परत येत नाही. टांगण्यासाठी नवं भोक पाडू नका. प्रत्येक पदकाचं वजन ग्रॅममध्ये, व्यास मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत, ते ओतीव की ठोकीव, कुणाकडून आणि कोणत्या साली घेतलं, हे शाईनं लिहून पदकाबरोबरच ठेवा. आणि आपल्या मागे हा संग्रह कुणाकडे जावा, कोणत्या संस्थेनं तो एकत्र ठेवावा, हे धडधाकट असतानाच ठरवून घरच्यांना सांगून ठेवा.